ई-सायकलवर घड्याळ दाखवतं त्या कॅलरी कितपत खऱ्या धरायच्या?

गोडोलीची मास्तरीण

नमस्कार. मी साताऱ्याला गोडोलीत राहते. वय ५१, वजन ७१ किलो, हायस्कूलला विज्ञान शिकवते. शाळा यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर कासच्या रस्त्याला आहे, घरापासून ११ किलोमीटर. मोबाईलवर या रस्त्याचा चढ साधारण ३०० मीटर दिसतो, आणि त्यातला बहुतेक समर्थ मंदिराचा चौक मागे पडला की सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी डावा गुडघा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, चालण्यापेक्षा सायकल बरी. मुलाची जुनी गिअरची सायकल घेऊन घाट चढायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मधेच उतरून ढकलत गेले आणि शाळेची प्रार्थना चुकली. मग दिवाळीत ई-सायकल घेतली. मागच्या चाकात २५० वॅटची मोटार, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी, मदतीच्या चार पायऱ्या (पहिलीला मोटारीची मदत सगळ्यात कमी, चौथीला सगळ्यात जास्त). सायकलचंच वजन २४ किलो आहे. अ‍ॅक्सिलरेटर पण आहे, पण मी तो पहिल्या दिवसापासून वापरायचा नाही असं ठरवलंय. पॅडल मारूनच जाते.

वाढदिवसाला मुलाने घड्याळ दिलं. त्यात ई-सायकलसाठी वेगळा पर्याय नाही, नुसतं ‘सायकलिंग’ आहे. आता तीन-चार महिने झाले, आणि मी रोजच्या फेऱ्या वहीत लिहून ठेवल्यात. त्यातल्या दोन इथे देते. दोन्ही फेऱ्या कोरड्या रस्त्यावरच्या, दप्तर तेवढंच, फक्त मदतीची पायरी वेगळी.

चौथ्या पायरीवर गेले तेव्हा ३१ मिनिटांत पोचले. नाडी सरासरी ११२, घड्याळाने कॅलरी दाखवल्या ४३८. पहिल्या पायरीवर ५२ मिनिटं लागली, नाडी सरासरी १३८, कॅलरी ३७१.

पहिल्या पायरीच्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता. पाच मिनिटं स्टाफरूमच्या पंख्याखाली बसल्याशिवाय हजेरी घेता आली नाही. चौथ्या पायरीला साधा घामही नव्हता. तरी घड्याळाच्या मते चौथ्या पायरीला मी जास्त कष्ट केले! मी वर्गात मुलांना कार्य आणि ऊर्जा शिकवते. हा आकडा मला पटेना.

दुसरी अडचण परतीची. संध्याकाळी उतारावर मी पॅडल मारतच नाही, दोन्ही ब्रेकवर हात असतो. तरी घड्याळ मधेच नाडी १६४ दाखवतं. आणि खराब पट्ट्यात चक्क पावलं मोजतं, एकदा तर २,३०० पावलं निघाली.

हे सगळं मी मनावर घेतलं त्याला कारण आहे. घड्याळ चारशेच्या वर म्हणतं म्हणून मधल्या सुट्टीत मी निर्धास्त खात होते, आणि तीन महिन्यांत वजन अर्धा किलोसुद्धा हललं नाही. शाळेतले सहकारी रोज म्हणतात, मॅडम, मोटारीवर कसला आलाय व्यायाम. मला एवढंच कळून घ्यायचंय की माझ्या पायांनी यातलं नक्की किती काम केलं. ते घरच्या घरी काढता येतं का? आणि नाडीचा आकडा तरी खरा मिळावा म्हणून काय करू?

---

पहाटे पाच

मॅडम, मीही साताऱ्याचाच, घाटात रोज सायकल चालवतो. तुम्हाला बहुधा पाहिलं असेल, पिवळं हेल्मेट का? एक विनंती आधी करतो. तुमची फेरी स्ट्राव्हावर (सायकलवाले फेऱ्या नोंदवून वेळा ताडून बघतात ते अॅप) जात असेल तर प्रकार बदलून ‘ई-बाइक राइड’ करा. साधी ‘राइड’ ठेवली तर तुमची वेळ साध्या सायकलवाल्यांच्या यादीत जाते, आणि घाटात ३१ मिनिटांच्या फेरीने कुणाचातरी वर्षभराच्या मेहनतीचा नंबर खाली जातो. ई-बाइकच्या फेऱ्या तिथे वेगळ्या धरतात. फेरी जुनी असली तरी नंतर बदलता येते.

कॅलरीचं म्हणाल तर स्वस्तातली बरीच घड्याळं वेग आणि वजन यावर आकडा काढतात आणि नाडी नुसती चवीपुरती घेतात. वेग जास्त म्हणजे कष्ट जास्त, एवढंच त्यांना माहीत. मोटार आहे हे त्यांना कोण सांगणार?

---

गोडोलीची मास्तरीण

पिवळंच. स्ट्राव्हाचं मला खरंच ठाऊक नव्हतं, मुलाने जोडून दिलं होतं. आजच सगळ्या फेऱ्या बदलते. कुणाच्या मेहनतीवर माझ्यामुळे पाणी पडलं असेल तर माफ करा.

---

वायरमन नाशिक

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री वही काढून बसलो. सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, ३१ वर्षं तेच केलं. आता मुलगा बघतो. २०१९ ला दोन स्टेंट बसल्या, तेव्हापासून मीपण ई-सायकलवर आहे. गंगापूर धरणाच्या रस्त्याला सकाळी जाऊन येतो. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू, मोटारीची आणि छातीची, माझ्या घरातल्याच आहेत.

आधी मोटार समजून घ्या. तुमची मोटार मागच्या चाकात आहे म्हणता, तर बहुतेक करून क्रँकजवळ लोहचुंबकाची एक चकती असणार. सायकल आडवी करून बघा, पॅडलच्या आसापाशी बारीक चुंबकं बसवलेली गोल तबकडी दिसेल. ती एवढंच ओळखते की पॅडल फिरतंय. जोर लावताय का नुसते पाय फिरवताय, हे तिला कळत नाही. म्हणून चौथ्या पायरीवर तुम्ही हलके पाय फिरवले तरी मोटार पूर्ण ताकदीने ओढते. महागड्या सायकलींत जोर मोजणारा सेन्सर असतो. तिथे तुम्ही दाबाल तेवढ्या पटीत मोटार मदत करते. या दोन जातींच्या सायकलींवर एकच घड्याळ एकसारखं खरं बोलूच शकत नाही.

आता तुमच्या पायांचा हिशोब. तुम्ही विज्ञानाच्या बाई आहात, तुम्हाला तो लगेच पटेल.

तुम्ही ७१, सायकल २४, दप्तर-डबा धरून १०० किलो. १०० गुणिले ९.८ गुणिले ३०० मीटर, म्हणजे २,९४,००० ज्यूल. २९४ किलोज्यूल. हे काम कुणीतरी केल्याशिवाय तुम्ही शाळेत पोचतच नाही. शिवाय टायरचं घर्षण आणि वारा. ११ किलोमीटरला हळू गेलात तर १६० च्या आसपास, जोरात गेलात तर २०० धरा, कारण वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे एकूण काम पहिल्या पायरीला सुमारे ४५४ आणि चौथ्या पायरीला ४९४ किलोज्यूल.

यातलं मोटारीने किती केलं? ते तुमच्या चार्जरच्या प्लगमध्ये आहे. बाजारात भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा एनर्जी मीटर मिळतो. फ्रिज किती वीज खातो बघायला लोक घेतात तोच. बॅटरी पूर्ण भरलेली असताना निघा, परत येताना उतारावर मोटार बंद ठेवा, आणि घरी येऊन पुन्हा पूर्ण भरेपर्यंत मीटरवर किती युनिट गेलं ते लिहा. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. ते सगळं चाकापर्यंत जात नाही. चार्जर गरम होतो, त्यात १५ टक्के गेलं धरा. कंट्रोलर (मोटारीला वीज सोडणारा डबा) आणि मोटार मिळून उरलेल्यातलं पाव खातात, घाटात जड चढावर त्याहून थोडं जास्तच. मी आयुष्यभर मोटारी उघडून बघितल्यात, हा अंदाज फार चुकायचा नाही. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली साधारण ६४ टक्के चाकावर पोचते. एकूण कामातून ती वजा करा, उरेल ते तुमच्या पायांचं.

आता त्याच्या कॅलरी करायच्या. यात एक सोय आहे. माणसाचे स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून तर ब्लाउज भिजतो. आणि एक किलोकॅलरी (घड्याळ नुसती ‘कॅलरी’ म्हणतं ती हीच) म्हणजे ४.१८ किलोज्यूल. चारने गुणायचं आणि चारने भागायचं, दोन्ही जवळजवळ कटतात. म्हणजे पॅडलवर जेवढे किलोज्यूल काम केलंत, जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी जळल्या. दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणार, पण घड्याळापेक्षा नक्की बरं.

अजून एक बघा. तुमचं घड्याळ ‘एकूण’ कॅलरी दाखवतं का ‘सक्रिय’? एकूण म्हणजे तुम्ही स्वस्थ खुर्चीत बसला असतात तरी जळल्या असत्या त्याही धरून. शरीराला बसल्या जागी किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी लागते, म्हणजे तुमच्या तासाभरात ७१ तशाच जायच्या. त्या पुन्हा खाऊन भरून काढायच्या नसतात, त्या रोजच्या जेवणात आधीच धरलेल्या असतात.

नाडीबद्दल माझा अनुभव. स्टेंट बसल्यापासून मला मेटोप्रोलोल चालू आहे. ती गोळी नाडी वर जाऊच देत नाही. मी कितीही रेटलं तरी ११० च्या पुढे जात नाही, आणि घड्याळ मला म्हणतं ‘हलका व्यायाम’. २२० वजा वय हे सूत्र माझ्या कामाचं नाही. ते तसंही सरासरीचं सूत्र आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत सहज दहा-बारा ठोक्यांचा फरक असतो. माझ्या डॉक्टरांनी टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करून माझी मर्यादा काढून दिली आणि सांगितलं, आकडा नको, श्वास बघा. बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. मी घाटीवर तोंडाने रामरक्षा म्हणतो. एक ओळ एका श्वासात पुरी होत नसेल तर एक पायरी वर करतो. ताई, तुम्हाला बीपीची काही गोळी असेल तर तुम्हीही आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच नाडीचे पट्टे बघा.

---

आइंडहोवनहून

वायरमन काकांनी लिहिलंय ते माझ्या सायकलवर रोज डोळ्यांसमोर दिसतं, म्हणून लिहिते. मी मूळची कोल्हापूरची, इथे नेदरलँड्समध्ये नऊ वर्षं झाली. ऑफिस १४ किलोमीटर. माझ्या सायकलला बॉशची मधली मोटार आहे, क्रँकजवळची. तिला जोर मोजणारा सेन्सर आहे आणि हँडलवरच्या पडद्यावर माझ्या पायांचे वॅट वेगळे दिसतात.

इथे चढ नाही, पण समोरचा वारा घाटापेक्षा कमी नाही. वारा समोरून असला की इको मोडवर, म्हणजे सगळ्यात कमी मदतीवर, माझे पाय ११०-१२० वॅट देतात. त्याच रस्त्यावर टर्बो, म्हणजे सगळ्यात जास्त मदत, लावला की ६० वर येतात, आणि मी आधीपेक्षा लवकर पोचते. मनगटावरचं जुनं घड्याळ मात्र टर्बोच्याच दिवशी जास्त कॅलरी द्यायचं. अगदी मास्तरीणबाईंची वही!

नंतर अ‍ॅपल वॉच घेतलं. कंपनीने २०२१ मध्ये वॉचओएस ८ ही घड्याळाची नवी प्रणाली आणली तेव्हा सायकलिंगचा हिशोब बदलला. जीपीएस आणि नाडी मिळून मोटारीची मदत चालू आहे का नुसते पाय, हे ओळखून कॅलरी काढतात. माझ्या अनुभवात आकडा खाली आला आणि पडद्यावरच्या वॅटच्या बराच जवळ गेला. गार्मिनच्या बऱ्याच घड्याळांत ‘ई-बाइक’ असा वेगळा प्रकारच असतो. पण यासाठी कुणी घड्याळ बदलू नका. आहे त्या घड्याळात वेगावर नाही तर नाडीवर हिशोब करणारा एखादा पर्याय, जसं की ‘इतर व्यायाम’ किंवा ‘इनडोअर सायकलिंग’, लावून बघा. इनडोअरला जीपीएसचा वेग मिळतच नाही, मग त्याला नाडीकडे बघावंच लागतं. मी जुन्या घड्याळावर सहा महिने हेच करायचे.

---

सांगलीची फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्यांचे पेशंट रोजचे. ताई, आधी उतारावरच्या १६४ चं सांगते.

घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परतणारा प्रकाश कमी होतो, आणि घड्याळ त्या लाटा मोजतं. म्हणजे ते हृदय बघत नाही, चामडीखालची लाट बघतं. उतारावर तुम्ही ब्रेक आवळता तेव्हा मनगटातल्या शिरा-स्नायू ताणले जातात, मनगट वाकतं, घड्याळ आणि कातडी यांच्यात फट पडते आणि त्यात रस्त्याचे हादरे. घड्याळ हादऱ्यांनाच ठोके समजतं. पावलंही त्यातूनच येतात. डिसेंबरच्या पहाटे हात गार पडले की कातडीतला रक्तपुरवठा कमी होतो, तेव्हा उलट आकडा खालीही येतो.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर, हाताच्या मांसल भागावर घाला. फेरीपुरता पट्टा एक भोक घट्ट करा, पोचल्यावर सैल करा. निघण्याआधी दोन मिनिटं घालून ठेवा. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

खात्रीचा आकडा हवा असेल तर छातीचा पट्टा. तो प्रकाश वापरत नाही, हृदयाचे विजेचे संकेत पकडतो, ईसीजीसारखे. पोलार कंपनीने १९८२ मध्ये बिनवायरचा पहिला असा पट्टा बाजारात आणला, आणि आजही खेळाडू त्यावरच विश्वास ठेवतात. आतली बाजू पाण्याने ओली करून लावायचा, नाहीतर सुरुवातीची पाच मिनिटं तो भलतंच दाखवतो. बऱ्याच बायकांना तो ब्रेसियरच्या पट्टीखाली खुपतो किंवा घसरतो. मी पेशंटना दंडावरचा पट्टा सुचवते. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड ब्रेक आवळताना वाकत नाही, तिथे मांस जास्त आणि हादरे कमी. ब्लाउजच्या बाहीखाली बसतो, शाळेत कुणाला दिसतही नाही.

आता सहकाऱ्यांना काय सांगायचं ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा. तुमच्या वयाला कमाल नाडी १७० च्या आसपास धरली तर पहिल्या पायरीची १३८ म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर. मध्यम सोडाच, तो जोराचा व्यायाम आहे. चौथ्या पायरीची ११२ सुद्धा पासष्ट टक्के होते, म्हणजे मध्यम. दोन्ही व्यायामच आहेत. मोटारीने तुमचा व्यायाम काढून घेतलेला नाही. ज्या घाटात तुम्ही पूर्वी उतरून ढकलत होता तिथे आठवड्यातून पाच-सहा दिवस जाता, हे मोटारीनेच घडवलंय.

आणि एक आकडा तुम्ही लिहिलाच नाही, पण तो घड्याळात असणार. झोपेतली किंवा विश्रांतीची नाडी. दिवाळीत किती होती आणि आता किती, बघून सांगाल का? घड्याळ शांत झोपलेल्या हातावर असतं तेव्हा हादरे नसतात, ब्रेक नसतो, त्यामुळे तो आकडा भरवशाचा असतो.

गुडघ्याचं राहिलं. पहिल्या पायरीवर चढताना गिअर कुठला असतो? आणि सीट किती उंच आहे?

---

गोडोलीची मास्तरीण

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, घटक चाचण्यांच्या पेपरांत वेळ गेला. पण वाया नाही घालवला.

विश्रांतीची नाडी आधी सांगते, कारण ती बघून मी रात्री अकरा वाजता नवऱ्याला उठवलं. घड्याळ घातलं त्या पहिल्या आठवड्यात ७८. आता ७१. मी हा आलेख कधी उघडलाच नव्हता, कॅलरींच्या पानावरच अडकून बसले होते.

राजवाड्याजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एनर्जी मीटर मिळाला. वायरमन काकांनी सांगितलं तसंच केलं. बॅटरी भरलेली, येताना मोटार बंद, आल्यावर पूर्ण भरेपर्यंत मोजणी. प्रत्येक पायरी तीन-तीन दिवस. चौथ्या पायरीला तिन्ही दिवस ०.१५ युनिट. पहिल्या पायरीला ०.०५, एकदा ०.०६, कारण त्या दिवशी समर्थ मंदिराजवळ ट्रक अडकला होता आणि चढावर तीन-चारदा थांबून निघावं लागलं.

०.१५ युनिट म्हणजे ५४० किलोज्यूल, त्यातले चाकावर सुमारे ३४५. ४९४ मधून वजा केले, उरले १५०. म्हणजे चौथ्या पायरीला माझ्या पायांनी जाळल्या १५० कॅलरी, घड्याळ म्हणत होतं ४३८. जवळजवळ तिप्पट!

०.०५ चे १८० किलोज्यूल, चाकावर ११५. ४५४ वजा ११५, उरले ३३९. घड्याळ म्हणत होतं ३७१. इथे ते फारसं चुकत नव्हतं.

मी हा हिशोब दहावी ‘ब’ च्या फळ्यावर मांडला. स्थितिज ऊर्जेचं उदाहरण म्हणून दरवर्षी तोच पाण्याच्या टाकीचा प्रश्न देते, यंदा मॅडम घाट चढतात हा दिला. एका मुलीने विचारलं, उतरताना ते २९४ किलोज्यूल कुठे जातात? मी म्हटलं, संध्याकाळी माझ्या ब्रेकची चकती हाताला लावू नकोस, भाजेल. मग सगळी मुलं शाळा सुटल्यावर सायकलभोवती जमली आणि ती चुंबकाची तबकडी शोधून काढली. काका, तुम्ही म्हणालात तशीच आहे, बारा चुंबकं आहेत. मोजली मुलांनीच.

आइंडहोवनच्या ताईंचं ‘इनडोअर सायकलिंग’ही करून बघितलं. चौथ्या पायरीला घड्याळ आता २१० दाखवतं. अजूनही जास्त, पण निदान पहिल्या पायरीपेक्षा कमी. उलटा क्रम गेला, हे मला मोठं वाटतं. घड्याळ हाडापासून तीन बोटं वर सरकवल्यापासून उतारावरची नाडी ८८ ते ९५ च्या मधे असते. दंडाचा पट्टा पुढच्या पगाराला.

खाण्याचा हिशोब आता मीटरवर करते, घड्याळावर नाही. तीन आठवड्यांत ९०० ग्रॅम उतरलं. फार नाही, पण काटा पहिल्यांदा हलला.

गुडघ्याचं खरं सांगते. पहिल्या पायरीवर सलग चार दिवस गेले तर पाचव्या दिवशी वाटीच्या खाली ठणका लागतो. गिअर मी मधलाच ठेवत होते, मोटार आहे तर बदलायचा कशाला, म्हणून. सीट अशी आहे की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात. पडायची भीती वाटते म्हणून मीच खाली करून घेतली होती.

---

सांगलीची फिजिओ

ठणका तिथूनच आहे. सीटवर बसून पाय पूर्ण टेकत असतील तर सीट फार खाली आहे. गुडघा दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि वाटीवर दाब येतो. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. एकदम नको, दर दोन दिवसांनी एक सेंटिमीटर वर घ्या. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय आधी अंगणात करा, भीती जाईल.

आणि चढावर सगळ्यात हलका गिअर. मिनिटाला ७० च्या आसपास फेरे झाले पाहिजेत, पाय भरभर आणि हलके. जड गिअरवर सावकाश दाबत चढणं गुडघ्याला सगळ्यात वाईट. ठणका आहे तोवर पहिली पायरी एक दिवसाआड.

---

वायरमन नाशिक

शाबास ताई. मुलांना सांगा, बारा चुंबकं म्हणजे मोटारीला एका फेऱ्यात बारा वेळा निरोप जातो. आणि हलक्या गिअरचा मोटारीलाही फायदा आहे, कारण त्यात तुम्ही चढावर थांबून-थांबून निघत नाही. मोटार सगळ्यात जास्त करंट खाते ती थांबलेल्या जागेवरून निघताना. तुमचं ०.०६ तिथलंच.

---

गोडोलीची मास्तरीण

सीट आत्तापर्यंत दोन सेंटिमीटर वर घेतली. आठवड्याचं असं ठरवलंय: सोमवार, बुधवार, शुक्रवार पहिली पायरी हलक्या गिअरवर, मंगळवार-गुरुवार तिसरी, आणि शनिवारी चौथी, कारण त्या दिवशी सकाळची शाळा असते आणि साडेसातला प्रार्थनेला उभं राहायचं असतं. तिसऱ्या पायरीचं मीटर रीडिंग आलं की टाकते.

‘पहाटे पाच’, सगळ्या ४७ फेऱ्या ‘ई-बाइक राइड’ करून टाकल्या. एकदा बघून सांगाल का, यादीतून गेल्या की नाही?